काटा

बाबांच्या रद्दीच्या दुकानात, रात्री
शटर अर्धं ओढून, मी काट्यावर उभी राहते, अनवाणी.
शेजारी बारावीच्या गाइडांचा गठ्ठा, एक फुटका मिक्सर,
सुतळीनं बांधलेला कुणाचा तरी दिवाणखाना.
छप्पन्न पूर्णांक सात. त्याच्या वर चमचाभरही नको.
वजनगट म्हणजे काय, ते बाबांना लगेच कळलं.
पिंजरा नाही कळला.

त्याआधी तीन महिने मी घरी थापा मारल्या.
ओठ फुटला, तर लॅबच्या फ्रिजचं दार लागलं.
मानेवरचे वळ म्हणजे नव्या ओढणीची ॲलर्जी.
दातांचं कवच आईच्या चहाच्या पातेल्यात उकळलं,
दुसऱ्या दिवशी चहाला रबराचा वास,
आईनं दूधवाल्याला झाडलं.

कलिन्यात, टायरच्या गोदामावर, पत्र्याखाली
इबोम्चा सर बोलतात कमी.
त्यांचं मराठी तीन शब्दांचं: खाली. श्वास. परत.
पहिल्या दिवशी त्यांनी ठोसा शिकवलाच नाही,
शिकवलं थोपटणं.
गळा आवळला गेला, की समोरचीच्या अंगावर थाप, दोनदा.
लाजायचं नाही, उशीर करायचा नाही.
मी मनात म्हटलं, ही एवढीच थाप खरी,
हिच्यावर समोरची डोळे मिटून विश्वास ठेवते.
जोस्लिननं मला एकशे चाळीस वेळा सोडलंय.
हा हिशेब वहीत नाही, मानेत आहे.

मग फॉर्म आला.
रक्त लॅबमध्येच काढलं,
नळीवर माझंच नाव मीच चिकटवलं.
पण 'इजा अथवा मृत्यू झाल्यास'च्या खाली
नातेवाइकाची सही हवी होती.
बाबांनी कागद आधी हातात तोलला, सवयीनं,
मग वाचला. मग पुन्हा वाचला.
"समोरची कोण?"
मीरा रोडची. नर्सिंगला आहे.
"मग बरं," म्हणाले.
नक्की काय बरं, ते सांगितलं नाही.

शेवटचा आठवडा. मीठ बंद, भात बंद,
कालपासून पाणीही घोटाघोटानं.
नळाला पहाटे पाणी आलं की
मी उशीत कान खुपसते.
आज काटा छप्पन्न सहा दाखवतो.
झालं! मी ओरडते.
बाबा हिशेब लिहीत असतात. पेन थांबतं.
"उतर," म्हणतात. आणि रस्त्याकडे बघत,
"हा सातशे ग्रॅम कमी दाखवतो."
पंखा फिरत राहतो.
"गठ्ठ्यामागे. पहिल्यापासून."

सव्वीस वर्षं मारलेला काटा:
त्यातूनच माझी फी, डीएमएलटीचं पहिलं वर्ष,
हे पायातलं पैंजण, जे परवा काढून ठेवायचंय.
मी काही बोलत नाही.
माझ्या थापा घातल्या दुसऱ्या पारड्यात
तर ते वर जाईलच, अशी खात्री नाही.

मध्यरात्री मोरीत निळा ड्रम.
गुडघे दुमडून मी आत, हनुवटीपर्यंत कढत पाणी.
बाबा पातेल्यामागून पातेलं ओततात,
बोट बुडवून बघतात, मान फिरवून.
आई टॉवेल घेऊन दारात, चार दिवसांपासून अबोल.
चहाचं पातेलंही आलेलं बघून
"रबर," एवढंच म्हणते,
आणि माझ्या कपाळावरचा घाम
पुसायला जाते, थांबते.
पुसायचा नसतो, हे तिला कुणी सांगितलं?

सकाळी अंधेरीत डिजिटल काटा.
बाबा अधिकाऱ्याला विचारतात, "याचं पासिंग झालंय का?"
तो हसतो. बाबा हसत नाहीत.
छप्पन्न पाच.

बाहेर, रिक्षा मिळेना,
इलेक्ट्रॉलची बाटली माझ्या हातात देऊन
बाबांनी पाठीवर थोपटलं, दोनदा.
चक्कर येत होती म्हणून
मी त्यांचा दंड धरला होता, घट्ट.
सवयीनं
लगेच सोडून दिला.